निबंधाला बांध घालताना

२०१९ चा जुलै. साताऱ्याच्या माण तालुक्यात पावसाचा अजून पत्ता नव्हता, म्हसवडकडच्या चारा छावण्या उठल्या नव्हत्या, आणि मी शाळेत नववीच्या वह्या तपासत बसले होते. निबंधाचा विषय 'पाऊस पडला नाही तर'. दरवर्षीच्या यादीतला विषय, मीच फळ्यावर लिहून दिलेला. एकेचाळीस वह्या होत्या. त्यांतल्या तीसेक वह्यांत मोर नाचायचा थांबला होता, कागदाच्या होड्या सोडता येत नव्हत्या, छत्र्या विकणाऱ्यांचे हाल झाले होते. आणि जवळजवळ प्रत्येक निबंधाचा शेवट 'झाडे लावा, झाडे जगवा' असा होता.

त्यातली एक वही हातात घेतली आणि मी थांबले. मुलगी वस्तीवरची. तिचे वडील फेब्रुवारीपासून जनावरं घेऊन छावणीत राहत होते. हे मला माहीत होतं, कारण शाळेच्या एका कागदावर पालक म्हणून तिच्या आजीचा अंगठा आला होता. तिच्याही निबंधात मोर होता आणि छत्री होती. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं.

"छत्री आहे का गं तुझ्याकडं?"

"न्हाई, बाई."

"मग निबंधात कुठनं आली?"

ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "गाईडात हुतं तसंच लिवलंय. चुकलं का?"

मला फार लागलं ते. तिचं चुकलं नव्हतं. नववीतल्या पोरीला निबंध म्हणजे काय हे मी ज्या पद्धतीनं सांगितलं होतं, त्या पद्धतीनं तिनं लिहिला होता.

मी मराठी शिकवते त्याला आता बरीच वर्षं झाली. बी.एड. करताना निबंधाचा पाठ घ्यायचा, तर फळ्यावर एकाखाली एक तीन चौकटी काढायच्या असं आम्हाला शिकवलेलं: प्रस्तावना, विस्तार, समारोप. प्रस्तावनेत एखादा सुविचार किंवा कवितेची ओळ, विस्तारात फायदे-तोटे, समारोपात 'अशा प्रकारे'. मी ते जसंच्या तसं उचललं आणि वर्षानुवर्षं वर्गात उतरवलं. मुलांना गुणही मिळायचे, त्यामुळे प्रश्न पडला नाही. त्या दिवशी पडला. सुरुवात, मध्य आणि शेवट तर दहिवडीहून फलटणला जाणाऱ्या एस.टी.लाही असतो. एवढ्यानं निबंधाची रचना होत नाही. पहिल्या परिच्छेदानंतर हाच परिच्छेद का आला, दुसरा का आला नाही, याला लिहिणाऱ्याकडे उत्तर असलं की रचना झाली. हे मला तिच्याबरोबर तो निबंध पुन्हा बांधताना कळलं, म्हणून तो कसा बांधला तेच सांगते.

चौकातून तिच्या निबंधाची झेरॉक्स काढून आणली. कात्रीनं चार परिच्छेद वेगळे कापले, टेबलावर पत्त्यांसारखे पिसले आणि आले तसे तिला वाचून दाखवले. शेतकऱ्याचे हाल आधी आले, पाऊस ही निसर्गाची देणगी आहे ते नंतर आलं, मोर सर्वांत शेवटी.

"कसं वाटलं?"

"तसंच हाय की."

तसंच होतं. परिच्छेदांची जागा बदलून काहीच बिघडलं नाही, कारण बिघडण्यासारखं आधी काही जोडलेलंच नव्हतं. तेव्हापासून ही कात्री मी सोडलेली नाही. मुलांचे निबंध, वक्तृत्व स्पर्धेची भाषणं, माझी स्वतःची टिपणं, सगळ्यांना ती लावते. परिच्छेद इकडचे तिकडे केले आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागला नाही, तर तो ढीग आहे. बांधणी अजून व्हायची आहे.

बांधणी हा शब्द मी मुद्दाम वापरते. निबंध या शब्दातच बंध आहे. संस्कृतात निबंध म्हणजे बांधणं, गुंफणं. धर्मशास्त्रात तर निबंधग्रंथ असा वेगळा प्रकारच होता: ठिकठिकाणची वचनं गोळा करायची आणि विषयवार बांधून काढायची. कमलाकरभट्टांचा १६१२ चा 'निर्णयसिंधु' त्यातलाच, आणि आमच्या शेजारच्या पंढरपूरला राहिलेल्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा 'धर्मसिंधु'ही त्यातलाच. तिकडे फ्रान्समध्ये माँतेन या लेखकानं १५८० मध्ये आपल्या लेखांना जो शब्द वापरला, त्याचा अर्थ प्रयत्न, चाचपणी. मराठीत आज आपण ज्याला निबंध म्हणतो, त्यात या दोन्ही गोष्टी येऊन मिळाल्या. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये पत्रं लिहिली, ती निबंधच आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' काढली, तिचे ८४ अंक निघाले, आणि १८८२ मध्ये ते गेले तेव्हा वयाची बत्तीस वर्षंही पुरी झाली नव्हती. चिपळूणकर शाळामास्तर होते, हे मी मुलांना आवर्जून सांगते. मराठी निबंधाला वळण लावणारा माणूस दिवसा वर्गात शिकवत होता, याचं मला अजून बळ वाटतं.

आणि शेतातला बांध हाही त्याच बंधातून आलेला शब्द. माणमधल्या पोरांना बांध समजावून सांगावा लागत नाही. पडलेलं पाणी अडवायचं असेल तर बांध घालायचा, एवढं इथल्या पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

तर तिला म्हटलं, निबंध बाजूला ठेव. वहीच्या मागच्या पानावर फक्त लिही, पाऊस नाही म्हणून तुझ्या घरात काय काय बदललं. वाक्यं नकोत, नुसते शब्द.

दुसऱ्या दिवशी ती सतरा गोष्टी लिहून आली. विहीर आटली. टँकर येतो पण वेळ ठरलेली नाही. आण्णा छावणीत. दादा मुंबईला मामाकडं, वाशीच्या मार्केटात. डेअरीला दूध घालणं बंद. आई सहा भाकऱ्या करती. आजी बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगती. टँकर आला की पहिला तास बुडतो. बोरी वाळल्या. शेळीचं करडू मेलं. अशी यादी. सतराव्या ओळीवर नुसतं लिहिलं होतं, 'रात्री शांत असतं'.

मोर एकाही ओळीत नव्हता.

मी विचारलं, यातली कुठली गोष्ट तू मैत्रिणीला पहिल्यांदा सांगशील? ती यादीवरून बोट फिरवत राहिली आणि भाकऱ्यांवर थांबली.

"आई आता सहाच भाकऱ्या करती."

"आधी किती करायची?"

तिनं बोटांवर मोजलं. आण्णांच्या चार, दादाच्या चार, आईच्या दोन, आजीच्या दोन, हिच्या दोन. "चौदा." मग जरा थांबून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "बाई, आमचं घर आता तीन ठिकाणी जेवतं."

मी तिला तिथंच थांबवलं आणि ते वाक्य कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहायला लावलं.

पुस्तकात याला मध्यवर्ती कल्पना म्हणतात. मुलांना हा शब्द जड जातो, म्हणून मी 'निबंधाचं एक वाक्य' म्हणते. ते वाक्य सापडेपर्यंत लिहायला बसायचंच नाही, असा आता माझ्या वर्गात नियम आहे. 'पाऊस फार महत्त्वाचा आहे' हे असं वाक्य होत नाही. त्याला कुणी नाही म्हणणार नाही आणि त्याच्यापुढं कुणी काही विचारणारही नाही. 'आमचं घर तीन ठिकाणी जेवतं' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, म्हणजे कसं गं? त्या 'म्हणजे कसं'चं उत्तर म्हणजे पुढचा सगळा निबंध. वाक्य बरोबर आहे की नाही हे ओळखायची माझी एवढीच खूण आहे: त्याच्यावर समोरच्याला प्रश्न पडला पाहिजे.

एकदा ते वाक्य हाती आलं, की कुठला मुद्दा ठेवायचा आणि कुठला काढायचा हे तेच सांगतं. आम्ही सतरा गोष्टी एकेक करून त्याच्यासमोर उभ्या केल्या. घर तीन ठिकाणी जेवतं, त्याच्याशी वाळलेल्या बोरींचा काय संबंध? नाही. खोडा. शाळेतला नळ? नाही. डेअरीचं दूध? हो, कारण दुधाचे पैसे थांबले म्हणून दादा गेला. असं करत आठ उरल्या.

करडावर मात्र ती अडली. ते करडू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. एवढी मोठी गोष्ट निबंधात नाही घ्यायची, हे तिला पटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही तिला काढ म्हणवेना. मी म्हटलं, तू ठरव. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. शेवटी तिनं त्या ओळीवर काट मारली नाही, भोवती गोल केला आणि म्हणाली, "ह्याचा येगळा निबंध लिवती." रचनेतलं सगळ्यांत अवघड काम हेच असतं, असं मला वाटतं. फालतू मुद्दा सगळेच काढतात. जिवाभावाचा मुद्दा, पण या निबंधाचा नाही म्हणून बाजूला ठेवायचा, हे मोठ्या लेखकांनाही जड जात असेल.

मग क्रम. तिनं आधी तारखेप्रमाणं लावलं: फेब्रुवारीत हे झालं, मग मार्चमध्ये हे, मग एप्रिलमध्ये हे. वाईट नव्हतं, पण दर दोन मुद्द्यांच्या मध्ये 'मग' होता. मी सांगितलं, 'मग' काढून तिथं 'म्हणून' म्हणून बघ. जिथं 'म्हणून' बसत नाही तिथं 'पण' म्हणून बघ. तेही बसलं नाही तर ते दोन मुद्दे एकमेकांचे शेजारी नाहीत.

तिनं तोंडानं म्हणायला सुरुवात केली. विहीर आटली आणि ज्वारी निसवली नाही, म्हणून कडबा नाही. कडबा नाही, म्हणून जनावरं छावणीत. जनावरांजवळ माणूस लागतं, म्हणून आण्णा तिकडं. गाईंचं दूध कमी झालं, म्हणून डेअरीचे पैसे बंद. पैसे बंद, म्हणून दादा बारावीनंतर थांबला नाही, मामाकडं गेला. म्हणून घरात तिघीच. हे म्हणताना तिचा आवाज हळूहळू चढत गेला आणि मध्येच ती एकदम म्हणाली,

"बाई, हे दारं धरल्यागत हाय की!"

ज्यांनी रानात पाणी पाजलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीचं पाणी पाटानं रानात येतं. रानात वाफे पाडलेले असतात, प्रत्येकाला मातीचा बांध. पाणी पहिल्या वाफ्यात सोडायचं. तो शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भिजला, की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि त्याच वेळी पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. घाई केली तर अर्धा वाफा कोरडा राहतो. रेंगाळलात तर बांध फुटतो आणि पाणी नको तिथं जातं. रात्रीची लाईट असली की पोरंसुद्धा बॅटरी घेऊन बापाबरोबर हे काम करतात. हिनंही केलं होतं.

परिच्छेद म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं सांगत होते, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. एक परिच्छेद म्हणजे एक वाफा. एका वाफ्यात एकच गोष्ट, आणि ती कोपऱ्यापर्यंत भिजेपर्यंत पुढं जायचं नाही. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य म्हणजे पुढच्या वाफ्याचं फोडलेलं तोंड. पाणी तेच, विहिरीतनं आलेलं. निबंधात ते पाणी म्हणजे ते एक वाक्य.

तिचा दुसरा परिच्छेद मी माझ्याकडे उतरवून ठेवला आहे. तिच्या परवानगीनं, लेखनाच्या दोन-तीन चुका दुरुस्त करून, इथे देते:

"ज्वारी निसवलीच नाही म्हणून कडबा झाला नाही. दावणीला दोन गाई, एक बैल आणि एक कालवड. आई म्हणाली विकू. आण्णा म्हणाले, पाऊस येईल तेव्हा पेरायला बैल कुठून आणायचा? म्हणून विकायचं नाही, छावणीत न्यायचं असं ठरलं. छावणीत जनावर सोडून येता येत नाही. त्याला चारा आणून टाकायला, पाणी दाखवायला माणूस लागतं. आण्णा चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि तिकडंच राहिले. ते तिथं शेजारच्या गावातल्या तिघांबरोबर तीन दगडांच्या चुलीवर जेवण करतात."

या परिच्छेदाच्या सुरुवातीला आधी 'गाय हा अत्यंत उपयुक्त प्राणी आहे' असं वाक्य होतं. ते मी काढायला सांगितलं नाही. विचारलं फक्त, हे पाणी कुठल्या विहिरीतलं? तिनं स्वतः खोडलं. आणि शेवटचं वाक्य बघा. जेवणापाशी येऊन थांबतं. निबंधाचं एक वाक्य तिथं पुन्हा दिसतं, पण तिनं ते पुन्हा लिहिलेलं नाही.

आजीचा मुद्दा कुठं बसवायचा, यावर आमचे दोन दिवस गेले. बहात्तरचा दुष्काळ आमच्याकडच्या प्रत्येक घरात अजून बोलला जातो. खडी फोडायची सरकारी कामं, तिथं खायला मिळणारी सुकडी, परदेशातनं आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिनं हे आधी सुरुवातीला टाकलं होतं, इतिहास म्हणून. मी म्हटलं, आजी त्याबद्दल नक्की काय बोलते ते ऐकून ये. ती ऐकून आली. आजी म्हणाली होती, "बहात्तरला खायाला न्हवतं, पर समदी एकाच खडीवर हुतो. एकाच जागी बसून सुकडी खायचो." हे ऐकल्यावर जागा आपोआप ठरली. घर तीन ठिकाणी विखुरल्याचं सांगून झालं, की 'पण' म्हणून आजी येते. आमच्याकडे म्हणतात, बहात्तरला धान्य नव्हतं पण पाणी होतं, आता धान्य आहे पण पाणी नाही. आजीनं त्याच्या पुढचं सांगितलं होतं. सुरुवातीला ठेवली असती तर आजी नुसती माहिती झाली असती. शेवटाच्या आधी आली, आणि सगळ्या निबंधाचं वजन तिच्यावर येऊन बसलं. तोच परिच्छेद सगळ्यांत मोठा झाला. व्हायलाच हवा होता. सगळे परिच्छेद सारख्या उंचीचे असावेत असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरून जा. जिथं जमीन चांगली तिथं वाफा मोठा पाडतात.

प्रस्तावना आम्ही सर्वांत शेवटी लिहिली. हे मी आता सगळ्याच मुलांना सांगते. पाहुणा कोण येणार हे ठरल्याशिवाय त्याची ओळख कशी करून देणार? परीक्षेत कागदावर ती आधीच लिहावी लागते, हे खरं. पण मुद्द्यांचा क्रम कच्च्या जागेत लावून झाल्यावर लिहायची. तिची पहिली प्रस्तावना होती, 'पाऊस म्हणजे निसर्गाने मानवाला दिलेली अनमोल देणगी होय.' दुसरी अशी झाली:

"आमच्या तव्यावर रोज संध्याकाळी चौदा भाकऱ्या व्हायच्या. आता सहा होतात. पीठ घरात आहे."

यातलं 'पीठ घरात आहे' हे वाक्य तिचं. मला ते कधीच सुचलं नसतं. पीठ आहे आणि भाकऱ्या कमी, म्हणजे खाणारी माणसं कमी. वाचणारा तीन ओळींत निबंधाच्या आत आलेला असतो.

शेवटावर आमचा थोडा वाद झाला. तिला 'झाडे लावा' हवं होतं, कारण त्याशिवाय निबंध संपल्यासारखा वाटत नाही. मी विचारलं, तुझ्या निबंधात याआधी झाड कुठं आलंय? कुठंच नव्हतं. जे वरच्या वाफ्यांत पेरलेलं नाही ते शेवटच्या वाफ्यात कसं उगवेल? समारोपात नवीन गोष्ट उपटून आणायची नाही, आणि आधी सांगितलेलं पुन्हा मोजूनही दाखवायचं नाही. मग करायचं काय? मी म्हटलं, सुरुवातीच्या तव्यापाशी जा आणि एक पाऊल पुढं टाक. तिनं लिहिलं:

"पाऊस पडला की पीक यायला चार महिने लागतील. आण्णांना यायला एक दिवस लागेल. आईनं तेवढं पीठ दळून ठेवलंय."

इतकंच.

मला माहीत आहे, दहावीच्या परीक्षेत असा आठवडाभर बसून निबंध बांधता येत नाही. ऐंशी गुणांची प्रश्नपत्रिका, तीन तास, त्यात निबंधाला आठ गुण. म्हणजे हिशेबानं अठरा मिनिटं येतात. माझं सांगणं असतं, त्यातली चार मिनिटं लिहायचंच नाही. मुलांना ही चार मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, शेजारचा भराभर लिहीत असतो. पण वर्गात घड्याळ लावून करून घेतलं की त्यांना कळतं: त्या चार मिनिटांत एक वाक्य, चार-पाच मुद्दे आणि त्यांच्यामधले 'म्हणून' आणि 'पण' ठरले, की बारा मिनिटांत निबंध उतरतो आणि दोन मिनिटं वाचायला उरतात. न ठरवता लिहिणारी मुलं तिसऱ्या परिच्छेदाला पेन चावत बसतात.

आत्मकथनाला हेच लागू आहे. तिथं एक ठरलेली सुरुवात असते: 'थांबा, घाबरू नका, मी बोलतोय!' आणि पुढं त्या वस्तूचा जन्म, बालपण, चांगले दिवस, वाईट दिवस. गेल्या वर्षी एका मुलानं हापशाचं मनोगत लिहिलं. पहिल्या मसुद्यात हापसा कारखान्यात जन्मला होता. मी त्याला विचारलं, तुमच्या वस्तीवरच्या हापशाला काय सांगायचं असेल? तो म्हणाला, दांडा हलवला की नुसती हवा येते, तरी बाया रोज एकदा हलवून बघतात. मी म्हटलं, तिथनंच सुरू कर. जन्म सांगायची गरजच पडली नाही.

वैचारिक निबंधाचं जरा वेगळं आहे, आणि तिथं मला आगरकर आठवतात. ते समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडतात आणि मग त्याला हात घालतात. 'मोबाइल शाप की वरदान' या विषयावर आमची मुलं अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे लिहितात आणि 'अति तिथे माती' म्हणून थांबतात. त्यात त्यांचं म्हणणं काय, हे कळतच नाही. मी सांगते, एक बाजू घ्या. मग तुमच्याविरुद्ध बोलणाऱ्याचा सगळ्यांत तगडा मुद्दा कोणता, तो प्रामाणिकपणे लिहा, लेचापेचा करून नको. त्यात खरं असेल तेवढं मान्य करा. त्यानंतर 'तरीसुद्धा' म्हणा आणि तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा तिथं ठेवा. तो आधीच खर्चून टाकला, तर 'तरीसुद्धा'च्या पुढं बोलायला काही उरत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात राहून यूपीएससीची तयारी करतो, मराठी माध्यमातून. त्यांना निबंधाचा अख्खा पेपर असतो: अडीचशे गुण, तीन तास, दोन भागांत चार-चार विषय, प्रत्येक भागातून एक, आणि प्रत्येकी हजार-बाराशे शब्द. त्यानं फोन केला. म्हणाला, बाई, तीनशे शब्दांपर्यंत जमतं, हजार म्हटलं की पसरतं. मी विचारलं, वाफे वाढवलेस की पाणी वाढवलंस? तो हसला, त्याला हे माहीत होतं, तोही रानातलाच. त्याचं होत असं होतं की विषय आला की तो इतिहास, अर्थकारण, समाज, पर्यावरण असे कप्पे करायचा आणि प्रत्येकात थोडं थोडं भरायचा. कप्पे पिसले तरी काही बिघडत नव्हतं. आम्ही फोनवरच त्याच्या एका निबंधाला कात्री लावली. तो अजून झगडतोय, पण आता निबंध पाठवतो तेव्हा वर एका ओळीत त्याचं वाक्य लिहिलेलं असतं, आणि मी आधी तेवढंच वाचते.

त्या पोरीचा निबंध तिनं ऑगस्टमध्ये वर्गात वाचला. कृष्णेकाठी तेव्हा पूर आला होता, सांगली-कोल्हापूरच्या बातम्या टीव्हीवर चालू होत्या, आणि आमच्याकडे टँकर येतच होता. ती एका हातात वही धरून, मान खाली घालून, एका दमात वाचत गेली. पीठ दळून ठेवल्यापर्यंत आली आणि बसली. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी पण काही बोलले नाही.

तास संपल्यावर मी वह्यांचा गठ्ठा उचलून निघाले, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा दारापर्यंत पाठोपाठ आला.

"बाई, माझी वही द्या की परत. मोर काढायचाय."